तिरप्या रेघेपुढची माणसं

पुण्याहून शिरवळ, फलटण, सातारा आणि तिथून खाली कृष्णाकाठ असा चार दिवसांचा प्रवास करून मी गेल्या आठवड्यात परत आलो. वय सदुसष्ट. एसटीने हिंडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाटेत कुणी विचारलं तर हवापालट करायला निघालोय, असं मी सांगत होतो. ते खोटं होतं. मी एका माणसाला गाठायला निघालो होतो. त्याची नोकरी माझ्या एका सहीने गेली आणि गेली सहा वर्षं तो स्वतःच्या भावकीत लबाड म्हणून जगतो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यावर मी पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. साखर कारखान्यांसाठी उसाच्या पाळीचा प्रोग्रॅम मी लिहिला. ऊस कुणी कधी लावला ते भरायचं, की कुणाच्या उसाला तोड कधी मिळणार याची यादी छापून बाहेर येते. त्र्याण्णव सालच्या हंगामात सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यात तो चालू झाला. त्याच हंगामात आनंदा नावाच्या ऊस नोंदणी कारकुनावर आळ आला, की सख्ख्या भावाचा ऊस आधी जावा म्हणून त्याने विधवा चुलतीची नोंद गायब केली. त्याला काढून टाकलं. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती आणि ते मला तेव्हाच माहीत होतं.

हे मी गिळून बसलो होतो आणि बहुधा तसाच मेलो असतो. पण दिवाळीत सूनबाईंनी त्यांच्या ऑफिसात मला कौतुकाने इंटरनेट दाखवलं. "बाबा, तुमच्या जुन्या कंपनीची वेबसाइट बघा." कंपनी आता डॉट कॉम झाली आहे. तिथे 'आमचं यश' म्हणून एक पान होतं: आमच्या संगणकाने कारकुनाची लबाडी कशी पकडली. कारखान्याचं नाव, गावाचं नाव, हंगाम, सगळं होतं. माणसाचं नाव तेवढं नव्हतं, पण त्या गावात ते कुणाला सांगावं लागणार आहे? पानाच्या खाली पाहुण्यांचा आकडा फिरत होता. मी ते पान पाहिलं म्हणून तो एकाने वाढला.

शिरवळ

शिरवळला गाडीचा टायर बसला. ड्रायव्हर म्हणाला, "तास लागंल, च्या पिऊन घ्या." चहाच्या टपरीमागच्या माडीवर पाटी होती: इंटरनेट, ई-कॉमर्स, वाय-टू-के, परदेशात नोकरीची संधी. मी जिना चढलो.

वर वीस-बावीस मुलंमुली बसली होती. कोपऱ्यात एकच कॉम्प्युटर, त्यावर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरावर दिवाळीच्या पूजेची वाळलेली झेंडूची माळ. मास्तरांनी फळ्यावर खडूने इंटरनेटचा पडदा काढला होता, चौकटी, बाण, बटणं, सगळं. मुलं पट्टी लावून तो वहीत उतरवून घेत होती.

"फोनची लाइन अजून आली नाही," मास्तर म्हणाले. "अर्ज केलाय."

"किती दिवस झाले?"

"ही दुसरी बॅच."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुमी खरं इंटरनेट बघितलंय?"

"बघितलंय."

"कसं असतंय?"

"लय हळू असतंय," मी म्हणालो. सगळा वर्ग हसला, मास्तरही हसले. माझ्या मात्र मस्तकात तिडीक गेली होती. या पोरांचे बाप इथल्या कारखान्यांत पाळ्या करतात. पाटीवर त्यांना परदेश दाखवला आहे आणि आत खडूचं चित्र. मास्तरांना बोलून उपयोग नव्हता, त्यांना वरून फळ्याएवढंच मिळालं होतं. पुण्यात याच धंद्याचे थंडगार, काचेचे वर्ग आहेत. तिथे लाइन आहे, एवढाच काय तो फरक. आश्वासन तेच, आणि पाटी रंगवणारे वरचे लोकही तेच.

खाली उतरलो तर टपरीशेजारच्या कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी केबिनमधल्या टेबलफॅनचा वारा घेत होता. फॅनवर 'वाय-टू-के तपासले' असा हिरवा स्टिकर. मी त्याला विचारलं, दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बिघडतील म्हणतात, पंख्याला त्याचं काय भय?

"कंपनीनं माणूस लावलाय न्हवं. त्यानं दिसंल त्याला चिकटवलं," तो म्हणाला. "मी जरा हाललो म्हून वाचलो, न्हाईतर मलाबी लावला असता."

फलटण

फलटणला सुनंदा राहते. त्र्याण्णव साली ती त्या कारखान्यात नोंदी भरायला होती, वीस वर्षांची. आता लग्नपत्रिका आणि हँडबिलं कॉम्प्युटरवर करून देते. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान आहे. मला दारात पाहून ती उठून उभी राहिली, पण या-बसा म्हणाली नाही.

"सर, तुम्ही याल असं मला वाटलंच नव्हतं. आता कशाला?"

मी सांगितलं. आनंदाला गाठायला निघालोय म्हणताच ती वळली. मग आत गेली आणि बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ओल्या मिरचीचा खर्डा असं ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. "आधी जेवा. रिकाम्या पोटी तुमच्याशी भांडायचं म्हणजे मलाच पाप." आमच्याकडे पुण्यात भांडण झालं तर चहासुद्धा विचारत नाहीत. खर्ड्याने डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कशाचं, हे मला सांगावं लागलं नाही.

तिच्या तोंडूनच चूक पुन्हा ऐकली. शेताचा गट नंबर एक असला तरी भावाभावांत वाटे पडलेले असतात. मग तिरपी रेघ मारून पुढे पोटहिस्सा लिहितात: चारशे बारा, रेघ, एक, चारशे बारा, रेघ, तीन. हे पोटहिस्से लोक दहा तऱ्हांनी लिहीत. छापील यादीची एकेक ओळ मला ऐंशी अक्षरांत बसवायची होती. मी रेघेपुढचं सगळं कापून टाकलं. वर आणखी शहाणपणा केला: त्याच गटात त्याच पंधरवड्यातल्या लागवडीची दुसरी नोंद आली, तर ती पहिलीचीच दुरुस्ती समजायची आणि पहिली पुसायची. तपासणी केली ती एका बड्या बागायतदाराच्या गावच्या नोंदींवर. तिथे एक गट, एक मालक. सगळं बिनचूक निघालं.

पण आनंदाची भावकी बौद्धांची. त्यांची जमीन जुनी वतनाची, एका गटात दहा-बारा वाटे. विहीर एक, पाण्याची पाळी एक, त्यामुळे उसाची लागणही एकाच आठवड्यात. माझ्या प्रोग्रॅमला त्या दहा-बारा माणसांचा एकच माणूस दिसायचा, सगळ्यात शेवटी भरलेला. ज्यांच्याकडे सगळ्यात कमी जमीन होती, बरोबर त्यांचीच नावं मी पुसली.

"मी फोन केला होता तुम्हाला," सुनंदा म्हणाली. "आनंदातात्यांच्या चुलतीची, हौसाबाईंची, नोंद सकाळी भरली. दुपारी आनंदातात्यांच्या भावाची भरली, तर सकाळची गेली. मी म्हटलं, सर, एक बाई गेली. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

आठवत होतं. मी म्हणालो होतो, बघतो, तू कुणाला बोलू नकोस.

संक्रांतीच्या सुमाराला दुरुस्त फ्लॉपी मी गुपचूप पाठवली, सुधारित आवृत्ती म्हणून. आधी पुसलेली नावं तिने परत येणार नव्हती. कुठली नावं गेली, हे आनंदाने हाताने लिहिलेल्या नोंदवहीशी ताडूनच कळलं असतं, आणि तोवर त्याची वही खोटी ठरली होती. उन्हाळ्यात चौकशी बसली. कंपनीच्या मालकांनी माझ्यापुढे कागद सरकवला: 'सदर प्रणालीत कोणताही दोष नाही.' मी सही केली. त्या तारखेला ते वाक्य खरं होतं. या एका गोष्टीचा आधार घेऊन मी सहा वर्षं झोपलो.

सुनंदा स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचे डबे उचलू लागली. कारखान्यातले वाया गेलेले छापील कागद तिने तेव्हा घरी आणले होते. हिरव्या पट्ट्यांचे ते लांब कागद आमच्याकडे सगळेच फळीवर अंथरत. तिने हळदीच्या डब्याखालून एक कागद काढला. फोन केला त्या दिवशी, दुपारच्या आधी छापलेली यादी. तिच्यात हौसाबाईंचं नाव होतं.

"हा मी मुद्दाम लग्नात बरोबर आणला," ती म्हणाली. "कुणीतरी विचारायला येईल म्हणून. कुणी आलं नाही, मग डब्याखाली गेला."

सातारा

कंपनीची साताऱ्याची शाखा पोवई नाक्याजवळ आहे. शाखेवरचा तरुण व्यवस्थापक मला नावाने ओळखत होता. उठून उभा राहिला, पाया पडला, पेढे मागवले.

"सर, तुम्ही आमचे पाया घालणारे. आता बघा, उसाची पाळी शेतकरी घरबसल्या इंटरनेटवर बघणार."

"घरबसल्या कुठून? त्याच्या घरी फोन तरी आहे का?"

"ते होईल हो सर. आधी साइट पाहिजे. मुंबईचे गुंतवणूकदार महिनाअखेरीला येतायत."

मी म्हणालो, ते यशाचं पान काढून टाका, ते खोटं आहे. त्याने ते पान उघडलं. फोनची लाइन खरखरली, शिट्ट्या वाजल्या आणि पान येऊ लागलं. खाली एक चित्र होतं, ते सूनबाईंकडे उमटायच्या आतच मी उठलो होतो. चित्र वरून खाली एकेक पट्टीने उतरत होतं. आधी कंपनीचा शिक्का, मग तारीख. मग 'कोणताही दोष नाही'. खुर्चीत बसून मी वाट पाहत राहिलो. शेवटी माझी सही आली, खालच्या ठिपक्यासकट. माझं जुनं पत्र त्यांनी जगाला दाखवायला लावलं होतं.

"सर, यात खोटं नक्की काय आहे?" त्याने खरोखर न कळून विचारलं. "कारकुनाला काढलं, हे खरं. सही तुमचीच. आणि नाव तर आम्ही छापलेलं नाही."

"माणूस निर्दोष आहे."

"पण सर, गुंतवणूकदार पहिलं हेच पान उघडतात. सगळ्यात जास्त पाहुणे याच पानाला." मग आवाज खाली आणून, मला मदत करतो आहे अशा सुरात म्हणाला, "तुम्ही हे मनाला लावून घेऊ नका. तुमच्या पिढीच्या लोकांना आता वाय-टू-केमुळे अमेरिकेतून बोलावणी येतायत. तुमच्या त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पण वर्षाचे दोनच आकडे होते ना? आम्ही चार जण बसवून दुरुस्त केले."

मी ओरडलो. बाहेर बसलेली दोन माणसं आत डोकावली. वर्षाचे दोन आकडे गाळले, तर जगाची झोप उडाली, कारण घाबरलेले लोक अमेरिकेत आहेत. रेघेपुढचे आकडे मी गाळले आणि पिढ्यान्‌पिढ्या वाटे होत आलेल्या जमिनींची माणसं पुसली गेली, त्याला चार सोडा, एक माणूस कुणी बसवला नाही. किती नावं गेली, हे मला आजही माहीत नाही. हौसाबाईंचं कळलं, कारण त्या भांडायला उठल्या. बाकीचे आपलंच नशीब समजून गप्प बसले असतील. आणि हा धंदा म्हणजे आपण देशाचं भविष्य आहोत, असं रोज पेपरात छापून येतं! मीही त्याच धंद्यातला, म्हणून अधिकाराने सांगतो: आम्ही यंत्र आणलं आणि यंत्र खोटं बोलत नाही, हे वाक्य त्याच्याबरोबर फुकट वाटलं. ते वाक्यच खोटं होतं आणि त्यानेच माणूस मारला.

व्यवस्थापकाने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तिथेच बसून माझं पूर्वीचं पत्र खोटं आहे, असा कागद लिहिला, सही केली आणि त्याच्याकडून पोच घेतली. पान काढायचा अधिकार आपल्याला नाही, एवढंच तो म्हणत राहिला. पेढे टेबलावरच राहिले.

कुंडलच्या पुढे

कऱ्हाडला गाडी बदलली ती चुकीची. विट्याच्या रस्त्याला लागल्यावर कंडक्टर म्हणाला, "आवं आजोबा, पाटी तरी वाचायची!" उतरून, उन्हात उभं राहून, दोन गाड्या करत कुंडलला पोचलो. उसाला तुरे आले होते. रस्ताभर ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागे रांगेत आम्ही. कुंडल नुसतं उतरायचं ठिकाण. पुढे माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने नदीकडच्या एका गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, त्या वेबसाइटने ते पुरेसं फिरवलं आहे.

आनंदाचं मोटार दुरुस्तीचं दुकान फाट्यावर आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो तारा भरून देतो. पन्नाशीचा माणूस, कपाळावर चष्मा, हातात तांब्याच्या तारेची गुंडाळी. मी कोण ते सांगितलं. त्याने गुंडाळी खाली ठेवली नाही.

मी रेघेपुढच्या आकड्याचं समजावून सांगू लागलो. त्याला निम्म्यातच कळलं.

"म्हंजे मोटारीत तारंच्या खाचा बारा आन् तुमी धरली एक. दुसरी कॉइल घातली की पयली उपटून टाकली. व्हय?"

"हो."

"आन् मोटार जळाली की मिस्त्री लबाड." तो हसला. ते हसणं ऐकवत नव्हतं. मग खोक्यातून त्याने एक वही काढली. पानांच्या कडा हाताळून काळ्या झाल्या होत्या. "सायेब, सहा वरसं ही वही बघतोय. काकूची नोंद हितं हाय, माझ्या हातची. पर पुढं पुढं मलाच वाटाय लागलं, ही मीच मागनं घातली आसंल. कंप्युटर कशाला खोटं बोलंल? त्याचं माझं काय वाकडं हुतं?"

मी सुनंदाचा कागद दिला. त्याने नाव वाचलं, मग कागद उजेडात धरून तारीख पाहिली. मग तो दुकानाच्या पायरीवर बसला. मी नोकरीबद्दल काहीतरी बोललो, कारखान्याला पत्र देतो म्हणालो.

"नोकरी घाला चुलीत," तो म्हणाला. "कारखान्याला द्यायचं तर द्या. पर आदी माझ्यासंगट चला. जिला सांगायचं तिला सांगा. माझं ती ऐकत न्हाई. दिसलो की पदर वडून तोंड फिरवती."

हौसाबाईंचं घर वस्तीच्या टोकाला. अंगणात बसून त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. पंचाहत्तरीच्या असतील. आनंदा कुंपणाशीच थांबला. सहा वर्षांत त्या अंगणात त्याने पाय ठेवला नव्हता. मी एकटा पुढे झालो.

"कोन म्हनायचं?"

मी सगळं सांगितलं. कॉम्प्युटर हा शब्द शक्य तितका टाळला. मी म्हणालो, यादी करायची रीत मी चुकीची लिहिली, तुमचं नाव मी पुसलं, आनंदाने वहीत ते बरोबर लिहिलं होतं. शेंगा फोडणारा हात थांबला.

"आमच्या आनंदानं न्हाई केलं?"

"नाही."

"तुमाला कवा कळलं ह्ये?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "तेव्हाच," मी म्हणालो.

"तवाच?" त्या उठायला गेल्या, गुडघा धरून परत बसल्या. मांडीवरच्या शेंगा सांडल्या. "तवाच कळलं आन् आज उगवला? माझा ऊस चैतात वाळून लाकूड झाला. जाऊ द्या, ऊस पुन्यांदा आला. ह्याच्या पोरीचं लगीन झालं, तवा वरात ह्या दारावरनं गेली. मी आतनं कडी घालून बसले. त्या पोरीला तानी आसताना मी न्हाऊ घातलंय. ते कुठल्या यंतरात दुरुस्त करताय, सांगा की!"

मी माफ करा म्हणालो.

"माफी माझ्याकडं न्हाई. तुमचं तुमी बगा."

शेजारच्या दारांत दोन-तीन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. हौसाबाई त्यांच्याकडे वळल्या. "आयकलं का गं? आता ह्ये म्हातारं पुन्यांदा सांगंल. सांगा वो, मोठ्यानं सांगा." मी मोठ्याने सांगितलं. एकीला ऐकू कमी येत होतं, म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं.

हौसाबाईंनी सांडलेल्या शेंगा एकेक करून सुपात गोळा केल्या. मान वर न करता त्यांनी हाक मारली.

"आनंदा, रस्त्यात काय हुबा हाईस परक्यासारखा? म्हाताऱ्याला पानी दे. तांब्या हाय तितंच हाय."

आनंदाने कुंपणाबाहेर चपला काढल्या. अंगण ओलांडून, चौकटीखाली मान वाकवून तो आत गेला. पाणी आणायला त्याला फार वेळ लागला.